तीन दाण्यांचं कापड

फाटकी जीन्स नवीकोरी म्हणून विकत घ्यायची पद्धत आली, तेव्हा आमच्या पिढीनं कपाळाला हात लावला होता. तो हात खाली यायच्या आत पुढची पद्धत आली: ती जीन्स आता शिवायची. म्हणजे कारखान्यात एक माणूस पगार घेऊन ती फाडणार, दुकानदार भोकांचे वेगळे पैसे लावणार, आणि गिऱ्हाईक शनिवार-रविवारच्या कार्यशाळेची फी भरून तीच भोकं बुजवायला शिकणार. पूर्वी दुष्काळी कामावर आधी खड्डे खणायला आणि मग तेच बुजवायला लावतात, अशी कुचेष्टा चालायची. तिथं निदान मजुरी तरी मिळत होती.

भोकं बुजवायच्या या विद्येचं नाव साशिको. ती जपानी आहे. एखादी गोष्ट जपानी आहे म्हटलं की आपल्याकडे शंका काढायची रीत नाही. 'आमची आजी असं करायची' म्हटल्यावर जांभई देणारी माणसं 'जपानमध्ये असं करतात' म्हटलं की वही उघडून बसतात. आमची सूनबाई अशीच एक सकाळ कार्यशाळेत घालवून आली आणि येताना एक सुबक खोका घेऊन आली. त्यात जाडसर सुती दोऱ्याच्या लडी, बोटभर लांबीच्या सुया, पाण्यानं पुसली जाणारी पेन्सिल आणि मधल्या बोटात अडकवून तळहाताशी बसवायचं एक चामड्याचं कडं होतं. निळ्या कापडावर पांढऱ्या टाक्यांचा एक नमुनाही होता. खोक्याच्या किमतीत माझ्या दोन पँटी आल्या असत्या, न फाटलेल्या.

माझी आई नव्वदीला टेकली आहे, पण मोतीबिंदू काढल्यापासून तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिनं तो नमुना उलटून पाहिला, सुलटून पाहिला आणि निकाल दिला.

"धावदोरा आहे."

"आजी, साशिको म्हणतात त्याला."

"म्हणू देत. धावदोराच आहे."

तांत्रिकदृष्ट्या आईचं काही चुकत नव्हतं. सुई वर, सुई खाली, पुन्हा वर, यापलीकडे त्यात काही नाही. शाळेत शिवणाच्या तासाला मुलींना पहिल्या दिवशी धावदोरा शिकवत आणि दुसऱ्या दिवशी तो ओलांडून टीप, हेम, काजं अशी गाडी पुढं जाई. जपान्यांनी पहिल्याच दिवशी मुक्काम ठोकला आणि शतकानुशतकं तिथून हलले नाहीत. एवढा मुक्काम केल्यावर माणूस स्वस्थ थोडाच बसणार? त्यांनी नियम केले.

गाठ मारायची नाही, हा पहिला धक्का. आईच्या मते गाठ न मारता शिवायला बसणं म्हणजे भांड्याला बूड नसताना आमटी करायला घेणं. पण सूनबाईनं करून दाखवलं. सुरुवातीचे दोन-तीन टाके उलट दिशेनं घ्यायचे, मग वळून त्यांच्याच अंगावरून पुढं जायचं. दोरा घर्षणानं आपोआप अडकून बसतो आणि मागची बाजूही पुढच्या बाजूसारखी सभ्य दिसते. दुसरी गंमत म्हणजे यात सुई चालवायची नसते, कापड चालवायचं असतं. सुईचं बूड तळहातावरच्या त्या कड्याला टेकवून ठेवायचं आणि दोन्ही हातांनी कापड वर-खाली हलवत त्याच्या चुण्या सुईवर चढवत न्यायच्या. सुई बापडी जागेवर. चुण्यांनी सुई भरली की ओढून घ्यायची, आणि मग अंगठ्यानं कापड दोऱ्यावरून सारखं करत शेवटपर्यंत न्यायचं. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यात कापड आखडतं आणि शर्टाचा झबला होतो. वरचा टाका मोठा, खालचा लहान. प्रमाण तीनास दोन. कोपऱ्यावर वळताना मागच्या बाजूला दोरा किंचित सैल सोडायचा. आणि जिथं चारी बाजूंच्या रेषा येऊन भेटतात तिथं बरोबर मध्यावर टाका पडता कामा नये. मध्य मोकळा ठेवायचा. सरकारी नोकरीत माझी हयात गेली, पण इतक्या साध्या कामावर इतकी परिपत्रकं मी पाहिली नाहीत.

मध्य मोकळा ठेवायचा हा नियम मात्र मला मनापासून पटला. चार बाजूंनी चार जण येतात आणि मधली जागा कोणीच बळकावत नाही, हे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कधी जमलेलं नाही.

घरातल्या फाटक्या कपड्यांचा साठा दिवाळीपर्यंत पुरला. उशांचे अभ्रे झाले, नातवाची दप्तरं झाली, स्वयंपाकघरातली हातपुसणी झाली. नंतर घरात फाटकं असं काही उरलं नाही आणि माझ्या जिवाला घोर लागला. कारण सूनबाईची नजर आता 'फाटू शकेल' अशा वस्तूंकडे वळली होती. मी आरामखुर्चीत बसलो की ती माझ्या पायजम्याच्या गुडघ्याकडे बघायची. आजारी श्रीमंत काकांकडे पुतणे बघतात त्या मायेनं. "बाबा, हा अजून किती दिवस जाईल हो?" मी म्हटलं, जाईल वर्षभर. तिचा चेहरा उतरला. शेवटी तिच्या आनंदासाठी मी बागकामाची एक जुनी पँट दिली आणि तिच्या गुडघ्यावर सहा टोकांच्या चांदण्यांची नक्षी उमटली. देखणी होती. तिचं नाव 'आसानोहा' आणि ती म्हणे भांगेच्या पानाची. भांगेचं झाड भराभर आणि सरळ वाढतं, म्हणून जपानात तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ही नक्षी घालतात. मूलही तसंच वाढावं. माझी सरळ वाढ थांबून जमाना झाला. सध्या जी काही चालू आहे ती आडवी. शिवाय गुडघ्यावर भांगेचं पान घेऊन पेन्शनरांच्या कट्ट्यावर बसायचं म्हणजे पाठीमागं चर्चा आलीच.

भांगेचा हा संबंध नुसता नक्षीपुरता नाही. साशिकोचा सगळा संसारच त्या झाडापाशी सुरू होतो. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी नावाचा प्रांत आहे. तिथला हिवाळा असा की बर्फ दाराशी येऊन थांबत नाही, छपरापर्यंत चढतो. कापूस तिथं उगवत नाही. शेतकऱ्यांच्या बायका भांगेच्या झाडाची साल काढून, तिचे तंतू कातून, मागावर कापड विणायच्या. (हो, तीच भांग, पण तिथं ती अंगावर घ्यायची, पोटात नाही.) हे कापड उन्हाळ्यात छान, कारण वारा आरपार जातो. हिवाळ्यातही तो तितक्याच आनंदानं आरपार जातो, हा त्याचा दोष.

त्यात राजाची कृपा. या भागातल्या त्सुगारू संस्थानानं १७२४ साली काटकसरीचा हुकूम काढला आणि कोणी काय नेसावं हे ठरवून दिलं. शेतकऱ्यांनी सुती कपडे घालायचे नाहीत. भांगेचंच कापड वापरायचं. संस्थानाच्या तिजोरीत खडखडाट झाला की शेतकऱ्यानं उबदार कपडे घालणं ही उधळपट्टी ठरते, हे राज्यशास्त्र सगळीकडे सारखंच. आता थंडी हुकूम वाचत नाही. पण बायकांनी तो नीट वाचला असावा. कापड भांगेचंच हवं, ठीक आहे. त्या कापडाला जी बारीक बारीक छिद्रं आहेत ती दोऱ्यानं भरू नयेत, असं कुठं लिहिलंय? मग त्यांनी कापडाचे उभे धागे मोजून, एकेक फट शोधून, टाक्यांनी भरत आणली. आधी भांगेच्याच दोऱ्यानं, पुढं सुती दोरा हाताशी आल्यावर पांढऱ्या सुती दोऱ्यानं. खांद्यापाशी, जिथं ओझ्याच्या दोऱ्या घासतात, तिथं जास्त दाट. हुकूम अक्षरशः पाळला गेला आणि अंगावर ऊबही आली. पाठीमागून पाहिलं तर निळ्यावर पांढऱ्या शंकरपाळ्यांची अशी काही नक्षी, की दरबारी माणसालाही हेवा वाटावा. कायदा पाळून त्याची जिरवायची कला आपल्याकडे फक्त चार्टर्ड अकाउंटंट लोकांना येते, असा माझा समज होता.

या कामाला तिकडं 'कोगिन' म्हणतात. त्यातल्या एकेका छोट्या नमुन्याची नावं घरगुती आहेत: एक आहे मांजरीचा डोळा, एक आहे दाणा, एक आहे फूल. ही नावं ऐकून आई पहिल्यांदा थोडी विरघळली. मांजरीचा डोळा कापडावर बघणारी बाई आपल्यातलीच, असं तिला वाटलं असावं.

त्याच प्रांताच्या पूर्वेकडच्या अंगाला नानबू संस्थानाचा मुलूख. तिथल्या बायकाही अशीच फटी भरणारी शिवण करत, पण तिचं नाव वेगळं, हिशिझाशी. फरक काय? त्सुगारूच्या बायका धागे विषम संख्येनं मोजायच्या: एक, तीन, पाच. नानबूच्या बायका सम संख्येनं: दोन, चार, सहा. त्यामुळं एकीकडची शंकरपाळी उभट होते, दुसरीकडची आडवी पसरते. या दोन संस्थानांचं वैर सोळाव्या शतकापासूनचं. त्सुगारूचा संस्थापक मुळात नानबूंच्या पदरी होता आणि त्यांना ठेंगा दाखवून वेगळा झाला. आज दोन्ही मुलूख एकाच प्रांतात नांदतात आणि एकमेकांना टोमणे मारायचं सोडत नाहीत. युद्धं संपली, संस्थानं बुडाली, पण सम की विषम हे कायम. आमटीत गूळ पडतो की नाही यावरून स्थळाचा विचार करणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

सुती कापड उत्तरेला पोचायचं ते जहाजांतून, आणि तेही दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेलं. ओसाकाहून निघून जपानी समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला जाणारी ही व्यापारी जहाजं. त्यांना कितामाएबुने म्हणत. उत्तरेकडून ती हेरिंग मासळीचं खत आणि समुद्री शेवाळ घेऊन दक्षिणेला यायची आणि परतताना त्यांच्या पोटात इतर मालाबरोबर शहरातल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे असायचे. यात एक मोठी खुबी आहे. त्या मासळीच्या खतावर ओसाकाच्या आसपासची कपाशी पोसायची. म्हणजे उत्तरेचा मासा दक्षिणेत जाऊन कपाशीच्या मुळाशी मरणार, त्या कपाशीचे कपडे शहरी लोक घालून विटवणार, आणि मग त्यांच्या चिंध्या उत्तरेला रोख पैसे मोजून विकत घेतल्या जाणार. ज्यानं खत दिलं त्याच्या वाट्याला चिंधी. शेतमालाच्या बाजारभावाचं हे सूत्र कोणत्या देशात पहिल्यांदा सापडलं याचा शोध कोणी तरी घ्यायला हवा.

आमच्या घरी हा भाग मी वाचून दाखवला तेव्हा आमच्या हिला बोहारीण आठवली. जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही आमच्या घराची परराष्ट्र खात्यापेक्षा अवघड वाटाघाट असायची. दोन जरीच्या साड्या आणि एक कोट देऊन हातात पडायचं ते झाकण नसलेलं पातेलं. ही म्हणाली, "त्या जहाजवाल्यांशी घासाघीस करायला आमच्या आईला पाठवायला हवं होतं." मला सासूबाई जहाजाच्या शिडीवर उभ्या दिसल्या आणि त्या खलाशांची कीव आली.

आता खरा सामना. काटकसरीत आपला हात धरणारा कोणी नाही, अशी आमच्या घराण्याची एक शांत, निश्चल समजूत आहे. माझे आजोबा पोस्टात आलेल्या पाकिटांची आतली बाजू हिशोबाला वापरायचे. वडिलांनी दाढीचं एक पातं किती दिवस चालवलं याच्या आख्यायिका आहेत. अशा घरात सूनबाईनं एके संध्याकाळी कार्यशाळेत ऐकलेली गोष्ट सांगितली. जपानच्या उत्तरेकडं म्हणे असं मानत, की ज्या कापडात अझुकीचे तीन दाणे बांधता येतील ते कापड फेकायचं नाही.

घरात शांतता पसरली. आजोबांच्या पाकिटांची आठवण कोणी काढली नाही. तीन दाणे! आई मात्र डगमगली नाही. अझुकी म्हणजे काय, एवढंच तिनं विचारलं. चवळीच्या जातीचा लाल दाणा, मुगापेक्षा थोडा थोर, असं कळल्यावर तिनं कपाटाच्या खालच्या खणातून आपलं बोचकं मागवलं. ते बोचकं माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे. त्यात काय नव्हतं! परकराचे काठ होते, झंपरच्या बाह्या होत्या, ब्लाउजपीस कापून उरलेल्या पट्ट्या होत्या, माझ्या मुंजीतल्या सोवळ्याचा तुकडा होता. आईनं त्यातून नखाएवढी एक खणाची चिंधी काढली.

"यात किती दाणे राहतात?"

"एक, फार तर," सूनबाई म्हणाली.

"मग? एक दाणा काय दाणा नव्हे?" आई म्हणाली. "तीन कशाला लागतात त्यांना?"

पुढचा अर्धा तास नखाएवढ्या चिंध्यांचे उपयोग ऐकण्यात गेला: नथीची पुरचुंडी, चोळीच्या गाठीखाली लावायचा अस्तराचा तुकडा, हळकुंड बांधायला, बाळाची नाळ जपून ठेवायला, आणि काहीच नाही तर गोधडीच्या पोटात. सूनबाईनं कार्यशाळेची वही मिटली. सामना महाराष्ट्रानं जिंकला असं मी जाहीर करणार होतो, पण मग सूनबाईनं फोनवर बोरोची छायाचित्रं दाखवली आणि मला तो बरोबरीत सोडवावा लागला.

बोरो म्हणजे चिंध्यांवर चिंध्या, त्यांच्यावर पुन्हा चिंध्या, आणि त्या सगळ्यांना धरून ठेवणारे टाके. पणजीनं सुरू केलेला अंगरखा पणतीपर्यंत चालायचा, दर पिढी त्यात ठिगळांची भर घालायची, शेवटी मूळ कापड कोणतं हे सांगायला सगळ्या भावकीची बैठक बसवावी लागावी. पांघरुणांत कापसाऐवजी भांगेच्या सालीचा कचरा भरत. आईनं ते चित्र लांब धरून, जवळ धरून पाहिलं. "टाका सारखा आहे हो बाईचा," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे निघणं म्हणजे पद्मश्री.

गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायका कडेनं टाका सुरू करून आत आत मध्यापर्यंत जातात. पडलेल्या ठिगळांच्या रंगांचा मेळ जाता जाता घालतात. त्यांना कोणी कलावंत म्हटलं नाही आणि त्यांनीही तसा आग्रह धरला नाही. आओमोरीतल्या बायकांना तर या कामाची लाजच वाटत असे. कारण ठिगळ म्हणजे दारिद्र्याची उघड जाहिरात. १८९१ साली आओमोरीपर्यंत आगगाडी आली, तिच्यामागोमाग स्वस्त सुती कापड आलं, आणि कोगिन बघता बघता मागं पडलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या बायकांनी ही कला जन्माला घातली त्यांनी सोय झाल्याबरोबर ती सोडून दिली. हौस असती तर सोडली नसती. भर हिवाळ्यात चुलीच्या उजेडात डोळे फोडून एकेक धागा मोजणाऱ्या बाईला जर कोणी सांगितलं असतं, की याची पुढं फी भरून कार्यशाळा होणार आहे, तर तिनं त्या माणसाला आधी पाणी पाजलं असतं आणि मग वैद्याकडे पाठवलं असतं.

पुढची गोष्ट नेहमीप्रमाणे शहरातल्या लोकांची. लोककलेचे थोर पुरस्कर्ते यानागी सोएत्सु यांनी १९३० च्या दशकात कोगिनची वाखाणणी केली. मग तानाका चुझाबुरो नावाचा एक विलक्षण माणूस आओमोरीतल्या खेड्याखेड्यांत हिंडला आणि घराघरातून या चिंध्या गोळा करत राहिला. कल्पना करा: अंगणात एक परका माणूस येतो आणि म्हणतो, बाई, तुमच्या घरातलं सगळ्यात फाटकं अंथरूण दाखवा. आपल्याकडे लोकांनी कुत्रं सोडलं असतं. तानाकांना तिथल्या आज्ज्यांनी लाजत, नको नको म्हणत बोचकी उघडून दाखवली. तानाकांच्या संग्रहातल्या त्सुगारू-नानबूच्या ७८६ वस्तूंना १९८३ साली जपान सरकारनं राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकवारशाचा दर्जा दिला. कुरोसावाच्या 'ड्रीम्स' या चित्रपटासाठीही त्यांच्याकडचे कपडे गेले. तोक्योच्या आसाकुसा भागात २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं त्या बोरोंचं एक संग्रहालयच होतं, आणि तिथं कापडांना हात लावून बघायची मुभा होती. आपल्याकडे जिवंत सोफ्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवतात.

मग परदेशी संग्राहक आले, फॅशनवाले आले, आणि ठिगळाला भाव आला. आज अस्सल जुन्या बोरोची किंमत ऐकली तर ती शिवणारी आजी उठून बसेल. नव्या कापडावर बोरोसारखी दिसणारी ठिगळं लावून विकणारी दुकानंही आहेत. नव्यावर खोटं ठिगळ! पूर्वी खोटा दागिना घालून लोक श्रीमंतीचा आव आणत. आता खोटं ठिगळ लावून गरिबीचा आणतात, आणि हा आव जास्त महाग पडतो.

साशिकोत थाटमाट कधीच नव्हता असं मात्र नाही. एदो, म्हणजे जुनं तोक्यो, हे लाकडाचं आणि कागदाचं शहर. १६५७ च्या आगीत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला होता. १७२० च्या सुमारास तिथं नागरिकांची अग्निशमन पथकं उभी राहिली आणि त्यांना जपानी वर्णमालेतली अक्षरं वाटून दिली. काही अक्षरं मात्र कोणालाच दिली नाहीत. त्यातलं एक अशासाठी, की त्याचा उच्चार केला की तो पोटातल्या वायूच्या नावासारखा लागायचा. पाठीवर ते अक्षर घेऊन आगीत शिरायला कोण तयार होणार! हे जवान सुती कापडाचे थरावर थर साशिकोनं एकत्र शिवलेले जाड कोट घालत आणि आत शिरण्यापूर्वी ते पाण्यात चिंब भिजवत. थरांमुळं पाणी धरून राहायचं. पंप यथातथाच, त्यामुळं आग विझवण्याची मुख्य पद्धत म्हणजे शेजारची घरं पाडणं. आग पुढं जाऊ नये म्हणून जे घर जळत नव्हतं ते हे लोक आधी आडवं करायचे. महापालिकेच्या अतिक्रमण विभागाला हे वाचून भरून येईल. कोटाची बाहेरची बाजू साधी, पण आतल्या अस्तरावर ड्रॅगन, धबधबे, पुराणातले योद्धे रंगवलेले असत. आग आटोक्यात आली की कोट उलटा करून, ती चित्रं बाहेर काढून, स्वारी मिरवत घरी. घाम, पाणी, काजळी सगळं आत आणि पराक्रम बाहेर.

आता रोजच्या जगण्यात साशिकोचा सगळ्यात मोठा वापर कुठं उरला असेल तर तो फडक्यात. जपानी शाळांत वर्ग झाडायला-पुसायला माणसं नेमत नाहीत, मुलंच पुसतात. त्यासाठी घरून 'झोकिन' आणायचं असतं, म्हणजे जुना पंचा दुमडून, धावदोऱ्यानं शिवलेलं फडकं. आमची एक भाची तोक्योत निशी-कासाईला राहते. त्या भागात आपल्याकडची इतकी मंडळी आहेत की तिला कोथिंबीर विकत घेतानाही मराठी कानावर पडतं. तिच्या मुलाच्या शाळेतून निरोप आला: झोकिन पाठवा. ती सॉफ्टवेअरमध्ये. तिनं शंभर येनच्या दुकानातून तयार शिवलेली फडकी आणली आणि विषय संपवला. बऱ्याच जपानी आयाही आता तेच करतात. पण ही गोष्ट तिनं फोनवर सहज सांगितली आणि आई उठून बसली. "विकतचं फडकं? पोराला शाळेत काय म्हणतील? माझं जुनं पातळ पाठवते म्हणावं, मऊ आहे, पाणी चांगलं शोषतं." पार्सलचा खर्च कळल्यावर तिचा विचार बदलला, पण आठवडाभर ती 'विकतचं फडकं' हे दोन शब्द मधूनच पुटपुटत होती.

मला स्वतःला या सगळ्या प्रकारात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. २०११ च्या त्सुनामीनं इवाते प्रांतातलं ओत्सुचि हे गाव धुऊन नेलं. तरुण माणसं ढिगारे उपसायला गेली; निवाऱ्याच्या छावणीत म्हाताऱ्या बायका हातावर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या हातात मदतीला आलेल्या लोकांनी सुई-दोरा दिला आणि साशिकोचं काम सुरू झालं. त्याला यंत्र लागत नाही, टेबल लागत नाही; बसायला मिळालेल्या चटईएवढ्या जागेत ते होतं. त्यांनी शिवलेल्या वस्तू विकल्या जाऊ लागल्या. तिथं सुई हातात घेताना हौसेचा प्रश्न नव्हता आणि फॅशनचाही नव्हता. दिवस सरायला हवा होता आणि चार पैसे मिळायला हवे होते. आओमोरीतल्या बायकांना ते लगेच कळलं असतं.

आमच्या घरात इतकं गंभीर काही घडत नाही. मागच्या फेब्रुवारीत माझ्या दुसऱ्या पँटीची जाड शिवण ओलांडताना सूनबाईची सुई मोडली. कॅलेंडरात बघून ती आनंदानं ओरडली. आठ तारीख होती! तोक्योत या दिवशी मोडक्या सुयांचा निरोपसमारंभ असतो. आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिराच्या आवारात एक छोटं देऊळ आहे, तिथं वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया घेऊन बायका येतात आणि त्या मऊ तोफूत खुपसून ठेवतात. बिचाऱ्या सुईनं आयुष्यभर जाड कापडं टोचली. शेवटी तरी तिला मऊ जागा मिळावी.

आईला हे एकदम पसंत पडलं. खंडेनवमीला आपण कात्री, कोयता, शिवणयंत्र पुजतोच. सुईला का वगळायचं? तोफू आणायला मला धाडण्यात आलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत तोफू नव्हता. डेअरीवाला म्हणाला, पनीर घेऊन जा, काका, दिसायला तेच. मी पाव किलो पनीर घेऊन आलो. पूजेची तयारी झाली. ताटात पनीर, शेजारी हळदकुंकू, नातू फोटो काढायला उभा.

"सुई खुपसल्यावर या पनीरचं काय करायचं?" आमच्या हिनं विचारलं.

"टाकायचं," सूनबाई म्हणाली.

आई जागची उठली. तिनं ताटातली सुई उचलली, उजेडाकडं धरली आणि बारकाईनं पाहिली.

"टोक मोडलंय. नेढं शाबूत आहे. पायजम्यात नाडी ओवायला हिच्यासारखी सुई नाही, टोचायचं भय नाही. डब्यात ठेव. आणि पनीरची भाजी करा, मटार सोललेले आहेत."